दुरुस्त केलेला डोळा

कळंबच्या त्या मुलीचा डावा डोळा मी कॉम्प्युटरवर दुरुस्त केला होता, आणि काम झाल्यावर मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

इंदापुरात एस.टी. स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, त्यांच्यामागं मी चालवतो. शाळेच्या फॉर्मचे फोटो रोजचेच. पण दुकान चालतं ते लग्न, डोहाळजेवण, बारसं, जावळ यांच्यावर. त्या मुलीचं जावळ नरसिंहपूरला होतं. सातवा महिना सरत आला होता तिला. घरचं दैवत तिथलं, म्हणून आजोबा, आजी, आई, वडील, मामा असे सगळे कळंबहून गाडी करून आले होते आणि मी इंदापुराहून मोटारसायकलवर गेलो होतो. मंदिरात आत उजेड कमी. मी फ्लॅश लावून भराभर फोटो काढले. मामाच्या मांडीवर बसून ती न्हाव्याच्या हाताकडं टकामका बघत होती, रडली अजिबात नाही.

दुकानात येऊन फोटो बघायला बसलो तेव्हा तिच्या तीन फोटोंत डोळे वेगवेगळे आलेले दिसले. फ्लॅशमुळं डोळ्याची बाहुली लाल येते, हे आम्हाला नवीन नाही. पण इथं उजवी लाल होती आणि डावी पांढरट, दुधावर साय धरावी तशी. मला वाटलं, समोरच्या चांदीच्या ताटाचा उजेड पडला असेल. मी उजव्या डोळ्याची बाहुली उचलली, डाव्यावर नेऊन बसवली, दोन्ही काळ्याभोर केल्या आणि उजेडाचा बारीक ठिपका दोन्हीकडं सारखा ठेवला. पाच मिनिटांचं काम. त्यातलाच एक फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर गेला आणि तोच मोठा करून त्यांनी फ्रेम करून घेतला. त्यांना फार आवडला होता.

पाच महिन्यांनी तिच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी मलाच बोलावलं. उसाच्या तोडी चालू होत्या. घरासमोर मांडव घातला होता. मी फोटो काढले, जेवलो आणि परत आलो. चार दिवसांनी मुलीचे आईवडील फोटो निवडायला दुकानात आले. मुलगी आईच्या कडेवर होती. मी एकेक फोटो पडद्यावर पुढं सरकवत होतो. एका फोटोवर आई म्हणाली, "थांबा."

त्या फोटोत डावी बाहुली पुन्हा पांढरी होती.

"हे आसंच दिसतंय हिचं," ती म्हणाली. "दिवेलागणीला घरात खेळत आसली की मांजरावानी चमकतोय डोळा."

"फ्लॅशमुळं होतं तसं," मी सवयीनं म्हणालो. "मी काढून टाकतो."

"घरात कुठला आलाय फ्लॅश, चाचा?"

तिचा नवरा हसून म्हणाला, "आमची आई म्हणती, देवानं दिल्यालं तेज हाय." त्यांना शेतात ऊस तोडणाऱ्या टोळीवर परत जायचं होतं. त्यांनी घाईनं फोटो निवडले आणि ते गेले.

ते गेल्यावर मी तो फोटो मोठा केला. मग दुसरा, तिसरा. एकूण अकरा फोटोंत डावा डोळा पांढरा होता आणि काहींत तो थोडासा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत होता. समोर मांडव होता, पत्रावळ्या होत्या; चमकणारं ताट कुठंच नव्हतं. मग मी जुनी हार्ड डिस्क लावून जावळाचे मूळ फोटो उघडले. ते तीन फोटो तिथं तसेच होते. दरम्यान दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली, त्यांना मी उद्या या म्हणालो.

माझ्या शेजारच्या गाळ्यात चष्म्याचं दुकान आहे. तिथले तात्या तीस वर्षं लोकांचे नंबर तपासतायत. मी फोटो मोबाइलवर घेतले आणि त्यांच्यासमोर धरले. तात्यांनी आधी मोबाइल लांब धरला, मग जवळ घेतला.

"कुणाचं लेकरू?"

"कळंबचं. गिऱ्हाईक आहे."

"आणि हा जुना कधीचा?"

"पाच महिन्यांपूर्वीचा."

तात्यांनी मोबाइल परत दिला. मग म्हणाले, "मी डॉक्टर न्हाय. कधी मूल तिरकं बघत आसलं की फोटोत आसा उजेड येतो आन् काहीच नसतं. कधी जन्माचा मोतीबिंदू आसतो. कधी आत गाठ आसती. तुला आन् मला ते कळायचं न्हाय, डोळ्याच्या डॉक्टरलाच कळंल. पण उद्यावर ढकलू नगंस."

त्यांनी मला एक सोपी खूण सांगितली. लेकरू खेळात असताना एकेक डोळा हातानं अलगद झाकायचा. दोन्हींनी दिसत असलं तर कुठलाही झाकला तरी ते सारखीच कुरकुर करतं. एका डोळ्यानं दिसत नसलं, तर तो झाकला तरी त्याला पत्ता लागत नाही. दुसरा झाकला की मात्र ते हात झटकतं.

मी मुलीच्या वडिलांना फोन लावला. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"झालं का भाई फोटू?"

"फोटोचं नाही. मुलीच्या डोळ्याबद्दल बोलायचं होतं."

"काय? ऐकू येईना. मागनं लावतो."

फोन मागून आला नाही. मी परत लावला, उचलला नाही. एका कॉलेजच्या मुलीचा फोटो काढायचा होता. दोनदा तिचे डोळे मिटलेले आले ते मला कळलंच नाही, तिनंच दाखवलं. खुर्चीवर बसवेना. दाराशी जायचो, परत आत यायचो. तात्या त्यांच्या दुकानातून बघत होते. शेवटी तेच म्हणाले, "जा की मग." मी शटर ओढलं आणि निमगावच्या रस्त्यानं कळंबला निघालो. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकत होती आणि प्रत्येक वेळी मनात येत होतं, परत फिरावं. काय सांगणार आपण? फोटोवाला माणूस घरी येऊन लेकरात खोट काढतो म्हणतील.

घरी आजोबा बाजेवर बसले होते. आजी शेंगा फोडत होती. सून मुलीला घेऊन बाहेर आली. आत समोरच्या भिंतीवर ती फ्रेम होती, जावळाची, दोन्ही डोळे काळेभोर असलेली. मी फ्रेमकडं पाठ करून बसलो.

मी फोटो दाखवले, तात्यांनी सांगितलेलं सांगितलं. आजोबा शांतपणे म्हणाले, "भाई, तुमचं काम फोटू काढायचं. डोळ्यातलं तुमाला काय कळतंय?"

"काहीच कळत नाही, आबा. म्हणूनच आलो."

"आमच्या घरात कुणाला चष्मा न्हाय."

"डॉक्टरनं काही नाही म्हटलं तर माझा कान धरा."

सून मुलीला घेऊन खाली बसली, पुढ्यात शेंगा टाकल्या. मुलगी एकेक शेंग उचलायला लागली. आईनं मागून हात आणला आणि तिचा डावा डोळा झाकला. मुलगी शेंगा उचलत राहिली. आईनं हात तसाच धरून ठेवला. मुलीनं एक शेंग तोंडात घातली, काढली, दुसरी घेतली. मग आईनं हात बदलला आणि उजवा डोळा झाकला. मुलीचा हात हवेत थांबला. तिनं मान हलवली, आईचा हात दोन्ही हातांनी ओढला आणि रडायला लागली.

आईनं हात काढला, मुलगी परत शेंगांकडं वळली. आईनं पुन्हा झाकला. मुलगी पुन्हा रडली.

"बास कर," आजी म्हणाली. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "उद्या बारामतीला जावा. पहाटंच निघा."

जावळाच्या फोटोंचं मी त्यांना सांगितलं नाही. आधी डॉक्टर काय म्हणतोय ते बघू, मग सांगू, असं मी मनाशी ठरवलं. खरं तर तोंड उघडायचं धाडस नव्हतं.

सकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला. "भाई, तुमीबी चला बारामतीला. डॉक्टरला फोटू दावावं लागत्याल." मी गेलो. दवाखान्यात मुलीच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब टाकले. ते टाकताना तिचे वडील हात धरायला होते आणि ते दुसरीकडं बघत होते. अर्ध्या तासानं डॉक्टरांनी आत बोलावलं. त्यांनी कपाळावरचा दिवा लावून बराच वेळ बघितलं, मग माझा मोबाइल मागितला आणि वाढदिवसाचे फोटो बघितले.

"हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

"दोनेक म्हयनं झालं आसत्याल," आई म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर दोन महिने असं लिहिलं. माझ्या खिशातल्या पेन ड्राइव्हवर जावळाचे मूळ फोटो होते. सकाळी निघताना मी ते मुद्दाम घेतले होते. मी खिशात हात घातला, पेन ड्राइव्ह चाचपला आणि हात तसाच बाहेर काढला. आजही ते दृश्य आठवलं की मी बसल्या जागेवरून उठतो.

डॉक्टर म्हणाले, आत पडद्याजवळ काहीतरी आहे, पुण्याला जावं लागेल, दोन दिवस थांबू नका. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "गोळ्या-थेंबानं जाईल न्हवं?" डॉक्टर म्हणाले, "पुण्याचे डॉक्टर सांगतील." ते लोक तिथूनच पुण्याला गेले, कपडे घ्यायलाही घरी आले नाहीत.

पुढचे तीन दिवस मी दुकानात होतो आणि नव्हतो. लग्नाचा एक अल्बम पूर्ण करायचा होता. त्यात मी मुंडावळ्या सरळ करत होतो, घाम पुसत होतो, एका आजीबाईच्या गालावरचा डाग काढत होतो आणि प्रत्येक वेळी हात थांबायचा. चौथ्या दिवशी दुपारी मुलीच्या वडिलांचा फोन आला. आवाज बसला होता. डोळ्यात कॅन्सरची गाठ होती. भूल देऊन तपासलं होतं, मोठ्या मशीनमध्ये घातलं होतं. उजवा डोळा चांगला होता.

"डॉक्टर जुनं फोटू मागत्यात," ते म्हणाले. "कधीपास्नं हाय ते बघायचंय म्हणं. आबांना सांगितलंय, जावळाचा अल्बम कुणाच्यातरी हाती पाठवून द्या. त्यात डोळा चांगला दिसतुया, म्हंजी तवा काय नव्हतं."

मी उभा राहिलो. "अल्बम देऊ नका," मी म्हणालो.

"का?"

"त्यातला डोळा मी बदललाय. मूळ फोटोत तो पांढराच होता. मी दुसऱ्या डोळ्याची बाहुली तिथं लावली. मला वाटलं, फ्लॅशचं आहे."

पलीकडं दवाखान्यात कुणाचं तरी नाव पुकारलेलं ऐकू आलं. फोन कट झालाय असं वाटून मी कानापासून लांब करून बघितला, चालू होता.

"बारामतीला तुमाला ठावं हुतं?" त्यांनी विचारलं.

"होय."

मग ते म्हणाले, "मूळ फोटू हायत?"

"आहेत."

"पाठवा."

मी तिन्ही फोटो पाठवले. त्यांनी बघितल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

डोळा काढावा लागला. हे मला तात्यांकडून कळलं. त्यांनी कळंबमधल्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारलं होतं. गाठ डोळ्याबाहेर गेलेली नव्हती, मुलीच्या जिवाचा धोका टळला, असंही कळलं. तात्या म्हणाले, "तू गेला नसतास तर आणखी उशीर झाला आसता." मी म्हणालो, "मी पुसलं नसतं तर आधीच कळलं असतं." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यांची वजाबाकी काही केल्या जमत नव्हती.

ते लोक घरी परत आल्यावर आठवड्यानं मी कळंबला गेलो. मुलीचे वडील अंगणात पाइप गुंडाळत होते. मला बघून त्यांनी पाइप खाली ठेवला आणि ते शेताकडं निघून गेले. आजोबांनी फक्त बसा म्हटलं. मुलीच्या डोळ्यावर पट्टी होती आणि ती रांगत होती. रांगताना डावीकडच्या भिंतीला खांदा घासत होती. भिंतीवर फ्रेम नव्हती, खिळा होता.

सून चहा घेऊन आली. मी मान खाली घालून म्हणालो, "चूक माझी आहे."

तिनं कप खाली ठेवला. "मलाबी दिसत हुतं, चाचा. सासूबाईंनी तेज म्हणल्यावर मला पटलं न्हवतं, पण बरं वाटलं हुतं." कप माझ्याकडं सरकवत तिनं पुढचं सांगितलं. "ह्यांनी डॉक्टरला इचारलं, जावळाच्या वक्ताला आलो आसतो तर डोळा राह्यला आसता का. ते म्हणलं, आता सांगता यायचं न्हाय, वाचवायला बघितलं आसतं. तवापास्नं ह्यांच्या डोक्यात तेच हाय. तुमी काय दिवस येऊ नका."

मी गेलो नाही. दोन वर्षांहून अधिक काळ गेला. मुलीला खोटा डोळा बसवला, ती अंगणवाडीत जायला लागली, दर काही महिन्यांनी तिला पुण्याला तपासायला नेतात, हे सगळं मला इकडून तिकडून कळत होतं. अंगणवाडीत ती नेहमी डाव्या टोकाला बसते म्हणे, म्हणजे सगळी मुलं तिला उजव्या डोळ्यानं दिसतात. कुणी शिकवलं नाही, तिचं तिनं शोधून काढलं.

गेल्या हिवाळ्यात तिचे वडील दुकानात आले. मी एका गिऱ्हाइकाचा फोटो कापत होतो. ते बाकावर बसून राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर उठले आणि त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यावर लहान बाळाचे फोटो होते, महिन्याभराचं असेल.

"धाकटा," ते म्हणाले. "भावंडालाबी आसू शकतं म्हणून पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं हुतं, तसं पहिल्या आठवड्यात दाखवून आणलाय. काय न्हाय म्हणलं. परत बोलवलंय. तरीबी बघा जरा."

मी एकेक फोटो मोठा करून बघितला. दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या. पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितलं. "मला काही दिसत नाही," मी म्हणालो, "पण डॉक्टरांनी बोलावलंय त्या दिवशी जा."

"जाणार हाय," ते म्हणाले. मी चहा सांगतो म्हणालो, तर म्हणाले, "आज नगं." आणि गेले. आज नको म्हणाले, एवढंच मी धरून बसलो.

त्याच्या आधीच मी एक उद्योग सुरू केला होता. माझ्याकडं अनेक वर्षांच्या हार्ड डिस्का आहेत. सकाळी दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक येईपर्यंत मी त्यातली लहान मुलं बघतो. बारशी, जावळं, लग्नात कुणाकुणाच्या मांडीवर बसलेली. कुणाचा डोळा आत वळलाय, कोण प्रत्येक फोटोत मान तिरकीच धरून बघतंय, कुणाची एक बाहुली निराळी आहे. असं एक मूल सापडलं, नरसिंहपूरचं. मी फोन केला. ते लोक बिचारे घाबरून पुण्यापर्यंत गेले आणि काहीच निघालं नाही. मूल तिरकं बघत होतं तेव्हाच फ्लॅश पडला होता. मुलाचा बाप दुकानात येऊन मला चार शब्द सुनावून गेला. "आमच्या घरात चार दिवस चूल पेटली न्हाय," म्हणाला. मी ऐकून घेतलं. तात्या म्हणाले, "आता बंद कर हे." मी बंद केलं नाही.

दुसरं सापडलं ते कऱ्हाटीच्या एका लग्नात. वरातीआधीच्या गर्दीत हिरव्या साडीतल्या एका बाईच्या मांडीवर वर्षा-दीड वर्षाचं मूल आहे. डोक्याला लाल टोपरं. फोटो नवरदेवाचा आहे, हे दोघं मागं कोपऱ्यात आलेत. मुलाची डावी बाहुली पांढरी आहे. एकच फोटो. लग्न होऊन वर्ष झालंय.

मी नवरदेवाच्या घरी फोटो दाखवला. त्याच्या आईनं चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "पाव्हण्यांपैकी आसंल कुणीतरी. पोरीकडचं आसंल." नवरीच्या माहेरी गेलो, ते म्हणाले, आमच्यातलं नाही. स्वयंपाकाच्या बायकांबरोबर आलेलं असेल, असंही कुणी म्हणालं. मी स्वयंपाकवाल्याचा नंबर मिळवला. त्यानं तो धंदा सोडलाय, फोन लागत नाही. गावातल्या लोकांच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंना फोटो देऊन आलोय. त्या म्हणाल्या, "नाव न्हाय, गाव न्हाय, कुठं हुडकू?" पण फोटो त्यांनी ठेवून घेतला.

येत्या रविवारी त्याच नवरदेवाच्या धाकट्या भावाचं लग्न आहे. कार्यालय बारामतीत आहे. फोटोची ऑर्डर दुसऱ्याला दिलीय, पण मी पाहुणा म्हणून जाणार आहे. जुना फोटो मोठा करून घेतलाय. बायकांच्या पंगतीत फिरून विचारायचं म्हणजे लोक काय म्हणतील, हे मला माहीत आहे. मी माझ्या बायकोला म्हणालो, तूही चल.